डाव्या बाजूचा ब्रेक

पटल्यांच्या पांढऱ्या गाडीत, पुढच्या डाव्या सीटसमोर अंथरलेली रबरी चटई एका जागी झिजली होती. झीज गोल होती, तळहातापेक्षा थोडी लहान. कडेला रबराची नक्षी शाबूत होती, मग ती पुसट होत गेली होती आणि मधोमध रबर इतकं पातळ झालं होतं की खालचं राखाडी कापड दिसायचं. उजवीकडची, म्हणजे गाडी चालवणाऱ्याच्या पायाखालची चटई मात्र कालच दुकानातून आणल्यासारखी होती. हिरालालजी गाडीला लक्ष्मी मानायचे आणि चपला बाहेर काढूनच स्टिअरिंगवर बसायचे, हे एक कारण. पण तेवढ्यानं डावीकडचा हिशेब लागत नव्हता. क्लच उजवीकडे, ब्रेक उजवीकडे. डावीकडे बसणाऱ्याच्या पायाला काही कामच नसतं. आणि तरी झीज डावीकडे होती, तीही बरोबर त्या जागी, जिथे ब्रेक असता तर असता.

शामकला तिरोड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. कारण नसताना काहीही झिजत नाही, हे ती दरवर्षी घर्षणाच्या धड्यात सांगायची. या झिजेचं कारणही तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा उजवा पाय.

रोज सकाळी सासरे, हिरालालजी, तिला गाडीतून शाळेत सोडायला निघायचे, आणि गावापासून तिरोड्यापर्यंत शामकला नसलेला ब्रेक दाबत जायची. म्हैस आडवी आली, दाब! सायकलवाला वळला, दाब! ट्रॅक्टरची ट्रॉली मागे दिवा नसताना समोर आली, दाब, दाब, दाब! शाळेच्या फाटकाशी उतरताना तिची पोटरी अशी भरून आलेली असायची, जणू ती गाडीत बसून आली नव्हती, गाडी ओढत आली होती.

हिरालालजींचा सारा जन्म राईस मिलची मशीन सांभाळण्यात गेला. काम सुटल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. जुनीच, पण त्या गल्लीतली पहिली. "सुनेले मीच पोचवतो," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे, समोर ऐकायला कोणी असो वा नसो. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्याचं ‘धान निघालं का पाहू’ म्हणून ते पुढे ढकलायचे. धान दरवर्षी निघायचं. डोळा तसाच राहायचा.

त्यामुळे व्हायचं असं की तिरोड्याच्या बाजारात कापड दुकानाबाहेर उभ्या केलेल्या पुतळ्याला ते हॉर्न द्यायचे आणि पुतळा बाजूला होत नाही म्हणून चिडायचे. "काय बेशरम लोक आहेत!" नवेगाव बांधला लग्नाला जाताना कोहमाऱ्याच्या चौकात ते रस्ता समजून एका ढाब्याच्या आवारात शिरले, जेवणाऱ्या ट्रकवाल्यांच्या बाजांच्या रांगेतून एकही बाज न पाडता गाडी काढली आणि पलीकडच्या बाजूनं बाहेर पडले. "रस्त्यावर बाजा टाकून जेवून राहिले," ते म्हणाले, "कोनी बोलत काऊन नाही यायले?" मागच्या सीटवर सासूबाई सुलोचनाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. शामकलेचा पाय चटईत घोट्यापर्यंत रुतला होता.

गोंदियाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी शामकलेच्या नवऱ्याला, गजेंद्रला, आत बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, "वडिलांना आता गाडी देऊ नका." गजेंद्र बाहेर आला. बाकावर बसलेल्या हिरालालजींनी मान वर केली. "काय म्हणे डॉक्टर?"

गजेंद्रनं त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या मोठ्या डोळ्याच्या चित्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हणे, जपून चालवा."

तेव्हापासून घरात एक रीतच पडली. बाबूजींना सांगायचं असं ठरलं, की गाडीला काहीतरी नवीन लागायचं. आधी मोठा हॉर्न लागला. मग बाजूच्या आरशांवर गोल छोटे आरसे चिकटले. मग फाटकाच्या खांबांना पिवळा रंग लागला, का तर बाबूजींना खांब दिसावेत. मग खांबांवर रात्री चमकणाऱ्या पट्ट्या लागल्या, का तर बाबूजींना पिवळा रंग दिसावा. प्रत्येक वेळी हिरालालजी त्या नव्या वस्तूकडे जरा वेळ बघत राहायचे आणि म्हणायचे, "अजून एक? बरं. आनलं तर लावा." मग गुडघ्यावर हात टेकून, हुश्श करून, पुन्हा स्टिअरिंगवर बसायचे.

शामकलेचं स्वतःचं लायसन्स कपाटात साड्यांच्या घडीखाली होतं. लग्नाआधी गोंदियाला ती रीतसर गाडी शिकली होती, रेल्वेच्या पुलाखालच्या गर्दीतूनही चालवली होती. पण ‘मी चालवीन’ म्हणायचं, तर आधी ‘तुम्ही चालवू नका’ म्हणावं लागणार होतं. ते गजेंद्र म्हणेल म्हणून ती थांबली होती. आपण सून, आपण कसं म्हणावं, असं म्हणून थांबली होती. आणि रोज गल्लीच्या तोंडाशी गोट्या खेळणारी लेकरं दिसली की तिला वाटायचं, एक दिवस आपला पाय पुरणार नाही.

त्यात यंदा ब्रेक चिरकायला लागले. हिरालालजींची ब्रेक दाबायची पद्धत मिलमधली होती. पट्टा बंद करायचा दांडा एकदा ओढला की ओढून धरायचा, तसा ब्रेक एकदा दाबला की दाबून धरायचा. "घडीघडी सोडला का खराब होते," असं त्यांचं म्हणणं. मारुतीच्या देवळापाशी ते जो पाय ठेवायचे, तो थेट फाटकाशी उचलायचे, आणि तेवढा सगळा रस्ता गाडी अशी चिरकत यायची, जशी कोणी पाटीवर नखं ओढतंय. गल्लीला मात्र त्याचा उपयोग होता. आवाज आला की शेजारचे केशोराव बाज आत ओढायचे, त्यांची बायको चंदाबाई शेळी दावणीला बांधायची, आणि लेकरं गोट्या उचलून भिंतीला चिकटायची. "हटा रे, हिरालालभाऊ आले!"

"आता सांगायलाच पाहिजे," शामकला म्हणाली.

"सांगतो ना," गजेंद्र म्हणाला. "रविवारी पक्कं सांगतो."

रविवारी सकाळी तो अंगणात आला तेव्हा त्याच्या हातात पुठ्ठ्याचा एक डबा होता.

"हे काय?"

"ब्रेक पॅड. नवे. बाबूजीचे ब्रेक चिरकून राहिले ना."

"तुम्ही सांगणार होता."

"सांगतोच आहे! पहिले ब्रेक बदलतो. बदलता बदलता गाडीचा विषय निघते, मंग सांगतो. विषय निघाल्याबिगर कसं सांगू?"

"बदलायचेच असतील तर गॅरेजला देऊ."

"गॅरेजवाला गाडी ठेवून घेते चार दिवस. अन् त्यात आहे काय? चाक काढलं, जुने काढले, नवे घातले, चाक लावलं. व्हिडिओतला माणूस तर चहा निवायच्या आत करते!"

गजेंद्रचं तिरोड्याला कृषी केंद्र होतं. शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप तो स्वतः खोलून दुरुस्त करायचा, आणि दुरुस्तीनंतर दर वेळी एखादा स्क्रू उरायचा. उरलेले स्क्रू तो दुकानात एका डब्यात ठेवायचा. डबा भरत आला होता.

शामकलेनं वाद घातला नाही. व्हिडिओत मधलं मधलं कापलेलं असतं, हे तिला माहीत होतं. तिनं गाडीसोबत आलेलं जुनं पुस्तक काढलं आणि ओट्यावर बसून ब्रेकचं प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

तोवर अंगणात पहिला ओरडा झाला होता. जॅक मातीत रुतत होता म्हणून गजेंद्रनं घरातून हाताला लागली ती फळी आणून त्याखाली घातली होती. ती फळी म्हणजे देवघरातला पाट होता.

"अरे, सत्यनारायणाचा पाट होय तो!" सुलोचनाबाई धावत आल्या. "देव बसते त्याच्यावर, तू गाडी बसवून राहिला?"

"आई, गाडीबी लक्ष्मीच आहे ना. बाबूजीच म्हणते."

"मंग लक्ष्मीचा पाय खाली घे अन् पाट दे माझा!"

पाट गेला, गोठ्यातली फळी आली. गाडीचं पुढचं चाक वर उचललं गेलं. गजेंद्रनं नटाला पाना लावला आणि जोर केला. चाक फिरलं. पाना फिरला. गजेंद्रही थोडा फिरला. नट जागेवर होता.

"नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे," ओट्यावरून शामकला म्हणाली. "पुस्तकात आहे."

"आता सांगून राहिली?"

"तुम्ही विचारलं नाही."

गाडी खाली आली, नट ढिले झाले, गाडी वर गेली. चाक निघालं. आतली ब्रेकची तबकडी दिसली आणि तिला दोन्हीकडून धरून बसलेला लोखंडी चिमटा. त्या चिमट्यात पॅड. गजेंद्रनं बोल्ट काढले, चिमटा सोडवला आणि तो त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत सोडून दिला. शामकला उठली. नळीवर वजन येता कामा नये, असं पुस्तकात होतं. तिनं धानाच्या पोत्याची सुतळी आणून चिमटा वर बांधून ठेवला. गजेंद्र म्हणाला, "हे व्हिडिओत नव्हतं." शामकलेनं सुतळीची गाठ आणखी आवळली. रविवारी तिला वह्या तपासायच्या होत्या, डोकं धुवायचं होतं, आणि जमलं तर दुपारी जरा पडायचं होतं.

जुने पॅड निघाले. झिजून पापडासारखे झाले होते. नवे चांगले जाड होते आणि त्यामुळेच ते चिमट्यात जाईनात. चिमट्यातला पिस्टन बाहेर आलेला होता, तो मागे ढकलायला हवा होता. गजेंद्रनं अंगठ्यानं ढकलला, मग दोन अंगठ्यांनी, मग हातोडी घ्यायला उठला.

"हातोडी नाही!" शामकला म्हणाली. "आवळायचा शिकंजा लागतो."

शिकंजा चंदाबाईकडे निघाला. शेवयांचं यंत्र बाजेच्या पाटीला आवळून बसवायचा तिचा शिकंजा सुटा होता. तो घेऊन ती स्वतः आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बरं, लावा. पन माझ्या शेवयाले तेलाचा वास आला ना गजेंद्रभाऊ, तर त्या शेवया तुमालेच खाऊ घालीन."

शिकंज्यानं पिस्टन हळूहळू मागे गेला. नवे पॅड आत बसले. शामकलेनं पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ जाड अक्षरात छापलेली होती. "हे बघा. पिस्टन मागे गेला म्हणजे आता पॅड आणि तबकडीत जागा राहिली. गाडी हलवायच्या आधी ब्रेकचा पायडल पुन्हा पुन्हा दाबून कडक करून घ्यायचा. नाहीतर पहिल्यांदा पाय ठेवला की तो सरळ खाली जातो, आणि ब्रेक लागतच नाही."

"हो हो," गजेंद्र म्हणाला. "ते शेवटी."

दुसऱ्या बाजूचं चाकही तसंच झालं, फक्त ओरडा थोडा कमी. तिथले पॅड बसवून दोघं हात पुसत होते तेवढ्यात हिरालालजी अंगणात आले. त्यांच्या हातात मिलमधून आणलेली लांब नळीची तेलाची बुधली होती. आयुष्यभर त्यांनी एकच विज्ञान पाळलं होतं. जे चिरकते, त्याला तेल. या बुधलीनं त्यांनी मिल चालवली होती, दारं गप्प केली होती, पाळणे गप्प केले होते. ते वाकले आणि चकचकीत तबकडीवर नळी टेकवली.

"बाबूजी!!"

शामकला आयुष्यात एवढ्या मोठ्यानं ओरडली नव्हती. चंदाबाईची शेळी उठून उभी राहिली.

"काऊन ओरडून राहिली व?"

"ब्रेकला तेल नाही लावत! तेल लागलं तर ब्रेक लागणारच नाही."

"तेल नाही म्हनून तर चिरकते. एवढं शिकून तुले समजत नाही?"

पण तेल पडलं होतं. अर्धी तबकडी ओली झाली होती. शामकलेनं ते पॅड पुन्हा काढायला लावले, साबणाचं पाणी आणलं, आणि तबकडी घासायला बसली. घासली, धुतली, पुसली, पुन्हा घासली. हिरालालजी बुधली छातीशी धरून बघत होते. "मिलमधी पन्नास मशिना होत्या," ते म्हणाले, "एकीनंबी तेलाले नाही म्हटलं नाही." मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "बरं बापा. तुमाले ठीक वाटते तसं करा." आणि ते ओट्यावर जाऊन बसले. गुडघे चोळत राहिले.

शामकला तबकडी धूत होती, तेवढ्यात सुलोचनाबाईंनी पूजेचं ताट लावलं होतं. ती चाक लागल्यावर हात धुऊन आली, तर बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालेलं, उदबत्ती पेटलेली.

"आई, एक मिनिट. मला आधी ब्रेकचा पायडल दाबायचा आहे."

"गाडीले नवं सामान लागलं ना? मंग पूजा झाल्याबिगर कोनी आत बसाचं नाही."

"गाडी हलवत नाही मी. फक्त दाबते."

"दाबाले आत बसावं लागते का नाही?"

"लागतं."

"मंग पूजेनंतर."

"पूजेनंतर तर गाडी लिंबावरून पुढे जाईल! तेव्हाच तर ब्रेकची गरज पडेल!"

"पूजा केलेली गाडी कायले धडकते? तू हा तांब्या धर."

कोणत्याही गाडीची पूजा होते तशीच इथे होणार होती. पुढच्या दोन चाकांखाली दोन लिंबं, नारळ, मग घरचा कर्ता स्टिअरिंगवर, मग गाडी लिंबं चिरडून पुढे, आणि घरची सून तांब्यातलं पाणी शिंपडत गाडीच्या पुढे पुढे. सुनेनं तांब्या घ्यायचा. कर्त्यानं चपला काढायच्या. हिरालालजींनी त्या काढल्या, दोन्ही हात जोडून लक्ष्मीला नमस्कार केला आणि आत बसले.

शामकलेनं गजेंद्रला बाजूला ओढलं. "ऐका. मला पुढे उभं राहायचं आहे. तुम्ही खिडकीशी जा आणि बाबूजींना सांगा, आधी पायडल चार-पाच वेळा दाबा, मग गाडी काढा. एवढंच. सांगाल?"

"सांगतो ना."

"नक्की?"

"अवो, सांगतो म्हणलं ना!"

गजेंद्र खिडकीशी गेला. वाकला. हिरालालजींनी मान वळवली. "काय?"

ब्रेक कसा दाबायचा हे ज्या माणसाला सांगायचं, तो माणूस त्याचा बाप होता. गजेंद्रनं बापाकडे पाहिलं, स्वस्तिकाकडे पाहिलं.

"काही नाही, बाबूजी. जपून चालवा."

नारळ फुटला. गाडी सुरू झाली. फटक फटक करत दोन्ही लिंबं चिरडली. शामकला पाणी शिंपडत पुढे झाली, फाटकापर्यंत आली आणि बाजूला सरली. इथे हिरालालजींनी थांबायचं होतं. गाडी थांबली नाही. अगदी सावकाश, पाहुण्याला निरोप द्यायला निघाल्यासारखी, ती पिवळ्या खांबांमधून बाहेर पडली.

"बाबूजी, ब्रेक!" गजेंद्र ओरडला.

फाटकाबाहेर रस्ता ओलांडला की केशोरावांचं अंगण, आणि मध्ये उतार. अंगणात ताडपत्रीवर त्यांचं नवं धान रचलेलं, छातीएवढी उंच रास. राशीच्या पलीकडे केशोराव आणि चंदाबाई पाठ करून सुपानं धान पाखडत बसलेले. त्यांनी वळून पाहिलं नाही. का पाहावं? ब्रेक नवे होते. चिरकण्याचा आवाजच नव्हता. आणि या अंगणातला ओरडा तर सकाळपासून चालूच होता.

शामकला फाटकात उभी होती. हातात तांब्या, आणि उजवा पाय सगळा जोर लावून जमिनीत दाबलेला. सवय.

गाडी राशीत शिरली. खस्सऽऽऽ असा आवाज झाला, मोठ्या पावसासारखा. धान बॉनेटवरून चढलं, स्वस्तिक बुडालं, उघड्या खिडक्यांतून आत आलं, आणि इंजिन एक उचकी देऊन बंद पडलं. राशीचा माथा हळूच खाली घसरला. त्याच्यामागे केशोराव दिसायला लागले. सूप तसंच हातात.

"हिरालालभाऊ," ते म्हणाले, "आवाज काऊन नाही दिला? रोज तर देवळापासून चिरकत येता!"

"माझं धान!" चंदाबाई किंचाळली. "सकाळी शिकंजा नेला, आता धान नेलं!"

सगळे धावले. हिरालालजी स्टिअरिंग धरून सरळ बसले होते. मांडीवर धान, खिशात धान, चष्म्याच्या काडीवर एक लोंबी. कुठे खरचटलंही नव्हतं.

"दिसत नाही का हो तुमाले?" सुलोचनाबाई रडवेल्या झाल्या. "एवढी मोठी रास दिसत नाही?"

"रास दिसली," हिरालालजी म्हणाले. "मी ब्रेक दाबला होता."

"दाबला असता तर थांबली नसती का गाडी?" केशोराव म्हणाले. "नवे ब्रेक होते."

"दाबला होता. अजून दाबूनच आहो. पाय पाहा." ते स्वतःही खाली पाहू लागले. तो पाय आपला नसून कोणी आणून ठेवलेला असल्यासारखे. "मी दाबला होता ना?" ते आता कोणालाच विचारत नव्हते.

गजेंद्र शामकलेच्या कानाशी आला. "हा मोका आहे," तो कुजबुजला. "डोळ्याचं आपोआपच निघालं. आता तू काही बोलू नको. आपल्याले सांगायचीही गरज नाही."

शामकलेनं तांब्या खाली ठेवला. गप्प राहिलं तर खरंच काम होणार होतं. उद्यापासून बाबूजी गाडीला हात लावणार नव्हते, आणि जन्मभर समजत राहणार होते की आपण रास पाहिली आणि तरी तिच्यात गाडी घातली.

"बाबूजी, जरा उतरा," ती म्हणाली.

ते उतरले. त्यांच्यासोबत बरंच धान उतरलं. शामकला त्यांच्या जागी बसली. पायात चपला तशाच होत्या. सुलोचनाबाईंनी त्या पाहिल्या, तोंड उघडलं, आणि मिटलं.

"सगळ्यांनी इकडे बघा." वर्गात प्रयोग दाखवताना यायचा तसा तिचा आवाज आला. "मी पायडल सोडून पुन्हा दाबते. हा बघा, कुठे गेला? पार खाली. परत दाबते. आता अर्ध्यात अडला. परत. परत. आता दाबून बघा काका, हातानं."

केशोरावांनी वाकून हातानं दाबलं. "दगड झाला बापा."

"ब्रेक बदलल्यावर हे आधी करायचं असतं. आम्ही केलं नाही. बाबूजींना सांगितलंही नाही. त्यांनी ब्रेक वेळेवर दाबला होता. तिथे कोणीही असतं, तरी गाडी याच राशीत आली असती."

गजेंद्र धानाकडे बघू लागला. धान निवडायची त्याला एकदम घाई झाली होती.

"ऐकलं?" हिरालालजींनी चहूकडे पाहिलं. "कोनीबी असतं तरी!" त्यांची पाठ थोडी ताठ झाली. मग ते गाडीला वळसा घालून आले आणि डावीकडचं दार ओढून, हुश्श करत, डाव्या सीटवर बसले. त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. पाय लांब केले. अनवाणी उजवा पाय चटईच्या पातळ गोलात बरोबर जाऊन बसला. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं, मग वाकून पाहिलं.

"हे चटई कायनं झिजली व? इथं तर काईच नसते."

शामकला समोर बघत राहिली. काचेवर धान होतं, काचेपलीकडे धान होतं.

खिडकीत गजेंद्रचं डोकं आलं. विषय निघाला होता, आणि गजेंद्र तयार होता. "बाबूजी, मी पाहून ठेवलं आहे. आता गाडीले कॅमेरा बसते. मागं बसते, पुढंही बसते. समोर काही आलं का टुंग टुंग टुंग वाजते. पुढच्या रविवारी मीच बसवून देतो, चार तर वायर आहेत—"

हिरालालजींनी त्याच्याकडे पाहिलं. "अजून एक?" ते म्हणाले. फार थकून म्हणाले.

शामकलेनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"बाबूजी, चटई मी झिजवली. तुमच्या शेजारी बसून, रोज ब्रेक दाबून दाबून. तुम्ही आता गाडी नका चालवू. उद्यापासून गाडी मी चालवीन."

केशोरावांनी सूप खाली ठेवलं. सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला. गजेंद्रचं डोकं खिडकीतून हळूच नाहीसं झालं. हिरालालजींनी चष्म्यावरची लोंबी काढली, ती दोन बोटांत फिरवली आणि सुनेकडे पाहिलं.

"एवढंच होतं," ते म्हणाले, "तर ब्रेक कायले बदलले?"